आक्काच्या हातचा खवा

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कळत नव्हतं, आता तर विचारूच नका. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर किराण्याची यादी आणि बचत गटातली सही, एवढंच लिहिणं झालं. ही वही लेकीची आहे. मागची पानं कोरी राहिली होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण कुणाच्या हाती लागलीच तर चुकलेलं समजून घ्यावं. चार माणसांत मला बोलता येत नाही, त्यामुळं जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते इथं लिहिते.

लिहायचं आहे ते आक्कांबद्दल. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई.

आमचं गाव धाराशिवकडच्या वाशी तालुक्यात. आमच्या भागात घरटी म्हैस असते आणि गावागावात खव्याच्या भट्ट्या. आक्कांची भट्टी घरामागं, पत्र्याच्या शेडमध्ये होती. सासरी सहा वर्षं काढून बाविसाव्या वर्षी त्या परत आल्या होत्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. येताना सोबत एक लोखंडी कढई आणली होती, एवढंच आत्याबाई सांगायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लेक परत आली म्हणून त्या डोक्याला हात लावून रडत बसल्या, तर आक्का म्हणे त्यांना म्हणाल्या, “तुझं रडून झालं की सांग, भट्टी कुठं घालू ते.”

मी लग्न होऊन आले तेव्हा भट्टीला चौदा वर्षं झाली होती. घरच्या चार म्हशी होत्या आणि वीसेक घरांचं दूध यायचं. आक्का साडीवर माझ्या सासऱ्यांचा जुना सदरा घालायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. जाळापुढं बसून बसून भुवया करपल्या होत्या, त्यामुळं त्यांचं तोंड नेहमी काहीतरी ऐकून थक्क झाल्यासारखं दिसायचं. दूध घ्यायच्या आधी एक थेंब अंगठ्याच्या नखावर टाकायच्या. थेंब बसला तर ठीक, ओघळला तर त्या माणसाकडं नुसतं बघायच्या. एक म्हातारबा होते, त्यांच्या दुधाचा थेंब रोजच ओघळायचा. आक्का त्यांना विचारायच्या, “काका, म्हैस तळ्यात पोहायला सोडली व्हती का?” म्हातारबा म्हणायचे, “न्हाय गं, पावसात भिजली.” उन्हाळ्यातसुद्धा हेच उत्तर. तरी आक्कांनी त्यांचं दूध कधी बंद केलं नाही. पैसे तेवढे पाण्याचे कापायच्या.

स्वतः चहा कोरा प्यायच्या. दिवसाला शंभर लिटर दूध आटवणारी बाई कोरा चहा पिते, याचं गावाला हसू यायचं. आणि त्यांचं एक बोलणं होतं. पोरगं पडलं, कुणाचं भांडण झालं, पाऊस लांबला, काहीही झालं तरी त्या विचारायच्या, “बुडाला लागलं न्हाय न्हवं? मग निघंल की.” त्यांच्या लेखी संकट एकच, दूध बुडाला लागणं.

माझे मालक त्यांचे धाकटे भाऊ. घरात सगळे त्यांना बापू म्हणत. आक्का परत आल्या तेव्हा हे दहा वर्षांचे होते. शाळेतून आले की आधी भट्टीवर जायचे, कढईची खरवड आक्कांच्या हातून खायचे, मग दप्तर टाकायचे. लग्न झाल्यावरही तेच. ढोकीला कारखान्यावर ऊस घेऊन जाणारा ट्रॅक्टर चालवायचे. चार-चार दिवसांनी घरी आले की माझ्याआधी भट्टीकडं जायचे. मला थोडं वाईट वाटायचं. पण भाऊ-बहीण दोघं कढईशेजारी न बोलता बसलेले दिसले की मी परत फिरायची.

लेक सहा वर्षांची असताना ह्यांच्या पायाला सूज यायला लागली. सोलापूरला दाखवलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा धाराशिवला रक्त साफ करायचं मशीन लावायचं ठरलं. दिवसाला पाणी एक लिटर, तेही चहा-आमटीसकट. दूध बंद, केळं बंद, नारळ बंद, मीठ नावाला.

आत्याबाईंनी हाय खाल्ली. मला काय करावं ते सुचत नव्हतं. आक्कांना मात्र डॉक्टरचं बोलणं आमच्यापेक्षा लवकर समजलं. अंगात पाणी साठतं आणि मशीन ते काढतं, हे त्यांना जणू रोजच्या कामातलंच वाटलं. दुधाचे कॅन मोजायचा काटा त्यांनी घरात आणला आणि रोज सकाळी ह्यांना त्यावर उभं करायला लागल्या. वजन वाढलं म्हणजे पाणी साठलं. मशीनच्या दिवशी त्या सोबत जायच्या आणि झाल्यावर तिथल्या पोराला विचारायच्या, “किती आटवलं रे आज?” तो म्हणायचा तीन लिटर. आक्का खूश. परतीच्या एसटीत बाजूच्या बाईला सांगायच्या, “तीन लिटर निघालं आमच्या बापूचं,” आणि ती बाई सरकून बसायची.

पाणी त्या मापानं द्यायच्या, आणि स्वतःही तेवढंच प्यायच्या. जाळापुढं बसणाऱ्या बाईला एक लिटर पाणी. चौथ्या दिवशी भट्टीवर चक्कर येऊन पडल्या. आत्याबाई ओरडल्या की एक आजारी आहे तेवढा पुरे. तेव्हा कुठं ते सोडलं. पण ह्यांच्यादेखत कधी घोटभरसुद्धा प्यायल्या नाहीत.

असं वर्षभर चाललं. आम्हाला वाटायचं, नीट सांभाळलं तर माणूस निघेल यातून. आक्कांमुळं वाटायचं.

मग ह्यांची चव गेली. भाकरी तोंडात फिरायची, खाली उतरायची नाही. हातापायांच्या काड्या झाल्या. लेक बापाच्या मनगटाभोवती आपली दोन बोटं लावून बघायची. ताकद येईल असं काय द्यावं, तर त्यांना चालेल असं काही सुचेना. एका संध्याकाळी मी भट्टीवर भांडी घासत होते. आक्का कढई उतरवत होत्या. खवा गोळा होऊन आला होता, कोरडा, कडेनं सुटलेला. तो बघून मी म्हणाले, “आक्का, दुधात पाणी असतं म्हणून दूध बंद. ह्यात तर पाणीच राहिलं नाही. एवढासा दिला तर?”

हे मी म्हणाले. आधी मी म्हणाले.

आक्का उलथणं हातात धरून थांबल्या. मग म्हणाल्या, “व्हय की. सगळं पाणी तर आपूनच काढलंय.” आणि त्यांचं तोंड इतकं उजळलं की आजपर्यंत हे कसं सुचलं नाही असं दोघींनाही वाटलं. पाच लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. बाकी पाणी वाफ होऊन जातं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. डॉक्टरला विचारायचं आमच्या मनातही आलं नाही. खव्यातलं आम्हाला जास्त कळतं असंच आम्ही धरून चाललो.

रोज संध्याकाळी आक्का बिनसाखरेच्या खव्याचा मोठा गोळा ह्यांच्या तळहातावर ठेवायच्या. ह्यांना तो गोड लागायचा. पुढं सकाळीही द्यायला लागलो. काट्यावर वजन पाण्यानं फुगत नव्हतं, तेव्हा आमचं बरोबरच आहे अशी आमची खात्री झाली. हे एकदा हसलेही. पंधरा दिवस आमच्या घरात सण असल्यासारखं होतं.

मग अंगाला खाज सुटली. आणि एका सकाळी ह्यांना खाटेवरून उठता येईना. पाय हलत नव्हते. जीपमध्ये घालून सोलापूरला नेलं. हृदयाचे ठोके कमी झाले होते. लगेच मशीन लावलं म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. ह्यांच्या खाटेभोवती आम्ही तिघी उभ्या. काय खायला घातलं, म्हणून विचारलं. मी ह्यांची चादर नीट करायला वाकले. आक्का म्हणाल्या, “खवा दिला, साहेब. पाणी न्हाय त्यात म्हणून दिला.”

डॉक्टर चिडले. म्हणाले, “पाणी उडालं, पण दुधातले क्षार कुठं गेले? ते उडतात का? पाच लिटरमधले क्षार एका किलोत गोळा झाले आणि ते तुम्ही ह्याला चारले.”

आक्कांनी मान हलवली. आटवल्यावर काय जातं आणि काय मागं राहतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणून ते त्यांना लागलं. नुसतं एवढंच म्हणाल्या, “हे मला कळाया पायजे व्हतं.”

हे जागे होते. सगळं ऐकलं त्यांनी. डॉक्टर गेल्यावर छताकडं बघत म्हणाले, “आक्का, पंधरा दिवस तू मला मारायलीस, आणि मी गोड लागतंय म्हणून खायलो.”

मी तिथंच उभी होते. पदर तोंडाशी धरला होता.

बाहेर बाकावर आक्का बसल्या. मी शेजारी बसले आणि म्हणाले की मी सांगते ह्यांना, आधी माझ्याच तोंडून निघालं होतं. आक्कांनी माझं मनगट धरलं.

“गप बस. कुणाला काय सांगायचं न्हाय.”

“पण आक्का...”

“हे बघ मंगल. त्याला दोन टाइम कुणाच्या तरी हातचं खावंच लागनार. माझ्या हातचं सुटलं तर सुटू दे. तुझ्या बी हातचं सुटलं, तर त्यो जगंल कसा?”

मी मान डोलावली. आणि खरं लिहायचं तर मला हलकं वाटलं. ओझं उतरल्यासारखं. ते हलकं वाटणं मला आजवर पचलेलं नाही.

घरी आल्यावर ह्यांनी आक्कांच्या हातचं पाणीही बंद केलं. ताट पुढं आलं की विचारायचे, “कुणी केलंय?” मी म्हणायची, मी. पण ते खोटं असायचं. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाईंकडून आक्कांनी सगळं तोंडपाठ करून घेतलं होतं. भाजी बारीक चिरून भिजत घालायची, पाणी फेकायचं, उकडायची, तेही पाणी फेकायचं, मग फोडणी. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी आक्का हे सगळं करून पातेलं माझ्या ओट्यावर ठेवून जायच्या. मी फोडणी द्यायची आणि ताट वाढायची. हे म्हणायचे, “तुला जमतंय आता.” शेजघरात बसलेल्या आक्कांना ते ऐकू जायचं.

त्यांना दुसरं काही नको होतं. बापू बरा व्हावा आणि एकदा, माहीत असताना, त्यांच्या हातचं खावं. त्यासाठी त्या थांबल्या होत्या. मला म्हणायच्या, “बरा झाला की राग जाईल. आजारी मानसाचा राग त्याचा सोताचा नसतो.” त्या तसं म्हणायच्या तेव्हा मलाही वाटायचं की जाईल.

पुढं डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी किडनी देणार असेल तर बसवता येईल. आक्का सगळ्यांच्या आधी दवाखान्यात जाऊन बसल्या. तपासणीत त्यांना साखर निघाली. साखर असलेल्या माणसाची चालत नाही. परत येताना एसटीत म्हणाल्या, “दूध आटवून आटवून माझ्यातच उतरली बघ,” आणि हसल्या. मग खिडकीकडं तोंड केलं ते वाशी येईपर्यंत वळवलं नाही.

आत्याबाईंची जुळली. ऑपरेशन पुण्याला. काही सरकारी योजनेतून मिळालं. बाकीच्यासाठी आक्कांनी चारही म्हशी विकल्या, शेडचे पत्रे विकले, कढई विकली. दोन लाख ऐंशी हजार झाले. फडक्यात बांधून त्यांनी ते आत्याबाईंच्या मांडीवर ठेवले, कारण हे त्यांच्या हातून घेणार नव्हते. ह्यांनी बघितलं. म्हणाले, “उसने म्हणून घेतो. एक रुपया ठेवून घेणार नाही.” आक्कांना वाटलं भाऊ बोलला. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच सरळ त्यांच्याशी बोलला. त्या घाईनं म्हणाल्या, “दे की, दे. बरा व्हऊन दे.”

ऑपरेशन झालं त्या दिवशी आक्का इकडंच होत्या, वाशीला दुसऱ्याच्या भट्टीवर रोजानं लागल्या होत्या. मी फोन केला की ह्यांना लघवी झाली. वर्ष-दीड वर्षानं स्वतःहून झाली. आक्कांनी पलीकडून विचारलं, “किती?” मी म्हणाले, पिशवी भरली, दुसरी लावली. त्यांनी भट्टीवर सगळ्यांना ओरडून सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. कुणीतरी पुरुषमाणूस हसत होता. आक्काही हसत होत्या. त्यांचं हसणं मी तेव्हा शेवटचं ऐकलं.

हे बरे झाले. खरोखर बरे झाले. अंगावर मांस आलं, आवाज परत आला. ढोकीला वजनकाट्यावर बसून करायचं काम मिळालं आणि आम्ही तिकडंच खोली केली. आत्याबाईही आमच्याकडं आल्या. गावातल्या घरात आक्का एकट्या राहिल्या.

ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून ह्यांनी ओळखीच्यांना जेवायला बोलावलं. आक्कांना निरोप दिला नाही. आत्याबाईंना मी विचारलं तर म्हणाल्या, “दोघं बी माझ्याच पोटचे, मी कुणाला काय म्हनू?” मी चोरून फोन केला. आक्का आल्या. त्याआधी मला डॉक्टरांना विचारायला लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता थोडा दुधाचा पदार्थ चालेल. भट्टीच्या मालकाकडून खवा विकत घेऊन त्यांनी स्टीलच्या डब्यात पेढे आणले होते. हे दारात पाहुण्यांशी बोलत उभे होते. आक्का पुढं गेल्या आणि झाकण काढून डबा धरला. म्हणाल्या, “बापू, डॉक्टरला विचारलंय. एवढा एक घे.”

ह्यांनी डब्याकडं बघितलं. मला हाक मारली आणि म्हणाले, “हे आत ठेव.” मग पाहुण्यांकडं वळले. जेवणं होत आली तेव्हा दुकानातून आणलेले पेढे वाटले, त्यातला एक सगळ्यांच्या समोर खाल्ला. आक्का तेव्हा पंगतीच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी तसाच हातातला पाण्याचा जग पुढच्या ताटाकडं नेला.

डबा फळीवर राहिला. मला ते पेढे कुणाला देववेनात आणि खाववेनात. चौथ्या दिवशी बुरशी आली तेव्हा टाकून दिले. त्याच संध्याकाळी आक्कांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “खाल्ले का त्यानं?”

मी म्हणाले, “खाल्ले की. चांगले झाले होते म्हणाले.”

मग त्या म्हणाल्या, “साखर घालायची ऱ्हायली व्हती त्यात. नंतर ध्यानात आलं. म्हून विचारलं.”

खरंच राहिली होती, की मला पारखायला म्हणाल्या, ते मला कधी कळणार नाही. मी एक पेढा तोडूनसुद्धा बघितला नव्हता.

त्यानंतर पैशांचं सुरू झालं. हे पगारातून आणि जादा कामातून पैसे बाजूला काढायचे. एकवेळ नवं लुगडं नाही घेतलं, लेकीची सहल राहिली, पण तो पैसा कधी मोडला नाही. दहा-पंधरा हजार जमले की ते घेऊन मला आक्कांकडं पाठवायचे, आत्याबाईंना भेटायला येऊ नका असंही आक्कांना सांगायला लावायचे, आपणच आत्याबाईंना गावाकडं आणून सोडू म्हणायचे. स्वतः कधी गेले नाहीत. एकदा मी धीर करून म्हणाले, “तुम्हीच देऊन या की. त्यांना बरं वाटेल.” हे म्हणाले, “तिला बघितलं की मला ती खाट आठवते. मला आता आजारी व्हायचं नाही.” त्या दिवशी मला कळलं की ह्यांचा राग खव्याचा नव्हताच. काट्यावर उभं राहिलेले, मापानं पाणी पिणारे बापू ज्या माणसानं रोज बघितले, ते माणूस त्यांना नको होतं. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. खवा माझ्या तोंडून निघाला, इतकं चार शब्दांत. मी कालवणाखालचा गॅस बारीक केला आणि ताट वाढलं.

शेवटचे वीस हजार घेऊन मी या चैत्रात वाशीला गेले. दुपारची वेळ. आक्का दुसऱ्यांच्या भट्टीवर बसल्या होत्या, तीन कढया ओळीनं लागलेल्या, त्यातली मधली त्यांची. साखरेनं पायाला जखम झाली होती, त्यावर फडकं बांधलेलं. मला बघून म्हणाल्या, “थांब, आता सोडता येत न्हाय.” मी त्यांच्या हातातलं उलथणं घेतलं आणि हलवत बसले. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि पिंपावर बसून नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या.

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “कागद दिला असंल की त्यानं.”

मला लाज वाटून मी तो काढलाच नव्हता. काढला. ह्यांनी स्वतः लिहिला होता. आक्कांना सही येते, वाचता येत नाही. मी वाचून दाखवला. दोन लाख ऐंशी हजार मिळाले, आता बहीण-भावात कसलाही व्यवहार शिल्लक नाही.

“शेवटचं परत वाच,” त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

“माझा कसला व्यवहार व्हता गं त्याच्यासंगं?” असं विचारलं त्यांनी. बाजूच्या कढईवरची बाई आमच्याकडं बघत होती. मी मान खाली घातली आणि दूध हलवत राहिले. आक्कांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, हळूहळू, एकेक अक्षर. घडी घालून माझ्या पिशवीत ठेवला. भावाला दोन टाइम नीट जेवू घाल, म्हणाल्या. माझ्या हातातलं उलथणं परत घेतलं आणि आपल्या जागी बसल्या.

मी ढोकीला आले तेव्हा हे कामावरून येऊन बसले होते. कागद हातात दिला. त्यांनी सही बघितली, पिवळ्या पिशवीत दवाखान्याच्या कागदांच्या खाली ठेवला आणि म्हणाले, “चला, फिटले सगळे.”